हद्दीबाहेरचा रस्ता

विमानवाहतुकीची सुरक्षितता यंत्रांच्या भरवशावर जितकी उभी असते तितकीच ती कार्यालयांच्या आपसांतील संबंधांवरही उभी असते, आणि या दुसऱ्या आधाराकडे लक्ष जाते ते बहुधा अपघात होऊन गेल्यानंतर. विमान कोणी चालवायचे, धावपट्टी कोणी राखायची, आकाशातील वाट कोणी दाखवायची, या सर्वांच्या कामाची तपासणी कोणी करायची आणि अपघात घडलाच तर त्याची चौकशी कोणाकडे द्यायची, या पाच प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या कायद्यांत व नियमावल्यांत लिहिलेली असतात. परंतु दोन उत्तरांच्या मधल्या रिकाम्या जागेत काय येऊन उभे राहील, याची नोंद कोणत्याच नियमावलीत सापडत नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी त्या वेळच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळालगत या रिकाम्या जागेत कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक आला.

इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे उड्डाण दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर आणि औरंगाबाद असे थांबे घेत मुंबईला जाणारे होते. त्यासाठी वापरलेल्या बोइंग ७३७-२०० जातीच्या विमानात चिकलठाण्याहून निघताना ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी अशी एकूण ११८ माणसे होती. दुपारी एकच्या सुमारास पूर्वेच्या दिशेने धावू लागलेले हे विमान धावपट्टी जवळजवळ संपता संपता जमिनीवरून उचलले गेले, आणि धावपट्टीच्या टोकापलीकडून आडव्या जाणाऱ्या बीड रस्त्यावर, उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेल्या ट्रकला विमानाच्या डाव्या बाजूची मुख्य चाके, डाव्या इंजिनाचे खालचे आवरण आणि उतरल्यावर इंजिनाचा जोर उलट दिशेला वळवणारी ‘थ्रस्ट रिव्हर्सर’ ही यंत्रणा धडकली. ट्रकवर जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबून बांधलेल्या रुईच्या गाठी होत्या. अशी एक गाठ साधारणपणे १७० किलोची असते आणि नाव कापसाचे असले तरी हाताला ती लाकडाच्या ओंडक्याइतकी कठीण लागते. रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर झालेल्या या धडकेनंतर निकामी होत गेलेले विमान ईशान्येला जवळपास तीन किलोमीटर पुढे जाऊन उच्च दाबाच्या वीजतारांना धडकले आणि जमिनीवर कोसळले. ५५ माणसे मृत्युमुखी पडली, ६३ वाचली.

अपघाताच्या चौकशीतून निघालेला निष्कर्ष दोन भागांचा होता, आणि या लेखाचे सारे विवेचन त्या दोन भागांना जोडणाऱ्या ‘आणि’ या शब्दाभोवती फिरणारे आहे. पहिल्या भागात वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला केलेला उशीर आणि ते उचलण्याची चुकलेली पद्धत यांवर बोट ठेवलेले होते. दुसऱ्या भागात, उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेल्या अपयशावर. पहिली चूक काही सेकंदांची होती. दुसरी कित्येक वर्षे रोज घडत होती, आणि रोज काही होत नसल्यामुळे ती चूक आहे असे कोणाला वाटत नव्हते.

सात फूट आणि पस्तीस फूट

पहिला भाग समजून घेण्यासाठी उड्डाणाचे गणित थोडे उलगडावे लागते. प्रवासी विमानाच्या प्रत्येक उड्डाणाआधी वजन, तापमान, वारा, विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि धावपट्टीची लांबी हे घटक लक्षात घेऊन तीन वेग काढले जातात: ज्यानंतर उड्डाण रद्द करता येत नाही तो निर्णयाचा वेग, ज्या वेगाला नाक उचलायचे तो ‘रोटेशन’चा वेग, आणि एक इंजिन बंद पडले तरी सुरक्षितपणे वर चढता येईल असा तिसरा वेग. नाक उचलणे म्हणजे सुकाणूदांडा नुसता ओढणे नव्हे. दर सेकंदाला साधारण तीन अंश अशा संथ गतीने ते उचलावे लागते, कारण घाई केली तर शेपटी धावपट्टीवर घासते आणि संकोच केला तर धावपट्टी संपते. या टप्प्यावर विमानाचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे संकोचाच्या प्रत्येक सेकंदाला सुमारे सत्तर मीटर धावपट्टी मागे पडते.

मराठवाड्यातील एप्रिलअखेरची दुपार हे गणित आणखी कठीण करते. तापलेली हवा विरळ असते; विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांचा जोरही घटतो. चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंचीवर आहे. परंतु तापमान चाळीस अंशांवर गेले की तेथील हवा विमानाच्या दृष्टीने पाच हजार फुटांहूनही उंच जागेवरच्या हवेसारखी वागू लागते, आणि या काल्पनिक उंचीला वैमानिकी परिभाषेत ‘घनता-उंची’ म्हणतात. म्हणून उन्हाळ्यातल्या दुपारच्या उड्डाणांसाठी वजनाची मर्यादा वेगळी असते आणि ती ठरवणारे तक्ते प्रत्येक धावपट्टीसाठी स्वतंत्र तयार करावे लागतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कोरड्या धावपट्टीवरून उडताना, नेमक्या वाईट क्षणी एक इंजिन बंद पडले असे गृहीत धरूनही, उड्डाणासाठी मोजलेले अंतर संपते त्या बिंदूवर विमान किमान पस्तीस फूट वर असावे लागते. त्या दुपारी विमानाचा काही भाग जमिनीपासून सात फुटांवर होता. पस्तीस आणि सात यांच्यामधल्या अठ्ठावीस फुटांचा हिशेब वैमानिकांच्या नावावर मांडणे चौकशीला भाग होते. परंतु त्या सात फुटांवर ट्रकची गाठ कशी आली, हा हिशेब वैमानिकांच्या खात्यात मावणारा नव्हता.

फाटक नसलेला रस्ता

धावपट्टी संपली की विमानाची गरज संपते, असे विमानतळाची आखणी करणारे शास्त्र मानत नाही. धावपट्टीच्या टोकापुढे साठ मीटरची मोकळी पट्टी आणि तिच्यापुढे ‘धावपट्टी-अंत सुरक्षा क्षेत्र’ म्हणून किमान नव्वद मीटर व शिफारशीप्रमाणे दोनशे चाळीस मीटर मोकळी जमीन असावी, असे आज आंतरराष्ट्रीय मानक आहे. याशिवाय टोकापासून वर चढत जाणारा एक अदृश्य उतार कल्पिलेला असतो, ज्याची चढण मोठ्या विमानांसाठी दर पन्नास मीटरला एक मीटर इतकी सौम्य धरतात; या उताराला छेदणारी कोणतीही वस्तू, मग ती इमारत असो, झाड असो की रस्त्यावरून जाणारे वाहन, ‘अडथळा’ ठरते. रस्त्याच्या बाबतीत अडचण अशी की मोजणी करणाऱ्याला तो जमिनीलगत सपाट दिसतो, आणि त्याच्यावरचा अडथळा मात्र दर मिनिटाला येतो व निघून जातो.

या रस्त्याभोवतीची शासकीय मांडणी पाहिली तर दोष एका माणसात शोधणे किती अपुरे आहे ते कळते. आपल्याकडच्या त्या वेळच्या व्यवस्थेत रस्त्याची डागडुजी बांधकाम खात्याकडे, त्यावरील वाहतूक पोलिसांकडे, ट्रकचा परवाना परिवहन कार्यालयाकडे, धावपट्टी आणि नियंत्रण मनोरा विमानतळ प्राधिकरणाकडे, आणि विमान इंडियन एअरलाइन्स महामंडळाकडे असे. नियंत्रण मनोऱ्यातील अधिकारी वैमानिकाला उड्डाणाची परवानगी देतो तेव्हा धावपट्टी मोकळी आहे, एवढेच तो सांगत असतो; कुंपणापलीकडच्या रस्त्यावर काय चालले आहे हे त्याच्या डोळ्यांना दिसत असले तरी त्याच्या अधिकारात येत नाही. मराठी माणसाला पोलीस ठाण्यातून परिचित झालेला ‘हद्द कोणाची?’ हा प्रश्न येथे पाच कार्यालयांत विभागलेला होता, आणि प्रत्येकाने आपापली हद्द प्रामाणिकपणे सांभाळली तरी रस्ता उघडाच राहत होता.

याच शहराला या प्रश्नाचे एक जुने आणि स्वस्त उत्तर रोज पाहायला मिळत होते. शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकावर अडकून राहण्याचा अनुभव शहरातील कित्येक पिढ्यांनी घेतलेला आहे, आणि त्या फाटकाला लाखोली वाहणाऱ्या प्रत्येकाने एका भक्कम सुरक्षा-तत्त्वाचा लाभही घेतलेला आहे. सिग्नलला जोडलेल्या फाटकाची रचना अशी असते की गेटमनने दांडा खाली घेऊन कुलूप लावल्याशिवाय गाडीचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही, आणि सिग्नल हिरवा असेपर्यंत ते कुलूप उघडत नाही. या परस्परबंधनाला ‘इंटरलॉकिंग’ म्हणतात. गेटमन आळशी असला, स्टेशनमास्तर घाईत असला किंवा दोघांचे एकमेकांशी पटत नसले तरी रस्ता आणि रूळ एकाच वेळी मोकळे राहू शकत नाहीत. विमानांच्या जगातही याचे उदाहरण होते: जिब्राल्टरमध्ये मुख्य रस्ता थेट धावपट्टीवरून जात असे आणि प्रत्येक उड्डाणाच्या वेळी तो फाटक टाकून बंद केला जाई, २०२३ मध्ये धावपट्टीखालचा बोगदा सुरू झाल्यावर वाहने तिकडे वळवली गेली. चिकलठाण्याला लागणारे तंत्र परके नव्हते. त्यासाठी मनोरा आणि रस्ता यांना एकत्र आणणारा एक अधिकार हवा होता, आणि तसा अधिकार कोणाकडेच नव्हता.

एकाच छपराखालचे तपासनीस

अधिकार कोणाकडेच नसण्याचे मूळ या देशातील हवाई प्रशासनाच्या वाढीत आहे. १९३४ च्या विमान कायद्याखाली वाढलेल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे आज ‘डीजीसीए’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या कार्यालयाकडे, दीर्घकाळ परवाने देणे, तपासणी करणे, देशांतर्गत विमानतळ चालवणे आणि हवाई वाहतूक नियंत्रण ही सारी कामे एकवटलेली होती. १९५३ मध्ये हवाई कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे आली. १९७२ मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांसाठी वेगळे प्राधिकरण झाले. १९८६ मध्ये उरलेले विमानतळ आणि वाहतूक नियंत्रण राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेले. आणि १ एप्रिल १९९५ रोजी ही दोन्ही प्राधिकरणे एक होऊन आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. म्हणजे १९९३ च्या त्या दुपारी विमान उडवणारे महामंडळ, धावपट्टी राखणारे प्राधिकरण आणि या दोघांवर देखरेख ठेवणारे महासंचालनालय हे तिघेही एकाच मंत्रालयाची लेकरे होती, आणि घरातल्या एका भावाने दुसऱ्याला दंड करावा अशी अपेक्षा त्या व्यवस्थेत धरलेली होती.

चालवणारा आणि तपासणारा वेगळे असावेत, हे तत्त्व शासनाला ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही, कारण याच मंत्रालयाच्या छपराखाली त्या तत्त्वाचा उत्तम नमुना नांदत आहे. रेल्वे अपघातांची चौकशी करणारा आणि नव्या मार्गांना प्रवासी वाहतुकीची मंजुरी देणारा रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत येत नाही. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली काम करतो. जो चालवतो त्याने तपासू नये, या विचाराने १९४१ मध्ये रेल्वेच्या तपासनिसांना रेल्वे बोर्डापासून तोडून त्या वेळच्या डाक व हवाई खात्याला जोडण्यात आले, आणि खात्यांची नावे बदलत गेली तरी ही ताटातूट कायम राहिली. रेल्वेला बाहेरचा तपासनीस मिळावा म्हणून ज्या खात्याची निवड झाली, त्याच खात्याने आपल्या विमानांसाठी मात्र बाहेरचा तपासनीस नेमला नाही. विमान अपघातांच्या तपासासाठी स्वतंत्र कार्यालय, म्हणजे विमान अपघात अन्वेषण विभाग, २०१२ मध्ये स्थापन झाले. त्याआधी बहुतेक तपास महासंचालनालय स्वतः करीत असे किंवा मोठ्या दुर्घटनांसाठी तेवढ्यापुरते चौकशी न्यायालय नेमले जाई. नवे कार्यालयही त्याच मंत्रालयाशी संलग्न आहे, आणि १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे बोइंग ७८७ कोसळून २६० माणसांचा मृत्यू झाल्यानंतर, चौकशीचा निष्कर्ष काय निघतो याच्याइतकीच चौकशी करणारा कोणाला उत्तरदायी आहे याचीही चर्चा झाली, ती या जुन्या प्रश्नामुळेच.

यंत्र मधली जागा भरते का?

माणसांमधली आणि कार्यालयांमधली रिकामी जागा यंत्राने भरून काढावी, हा विचार स्वाभाविक आहे आणि अनेकदा तो खराही ठरतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर दिल्लीतील येण्याजाण्याच्या हवाई वाटा वेगळ्या करण्यात आल्या आणि टक्कर टाळण्याचा इशारा देणारे उपकरण भारतात अनिवार्य झाले. हे उपकरण दोन विमानांना आपसांत ‘बोलायला’ लावते आणि एकाला वर व दुसऱ्याला खाली जायला सांगते. जमिनीवरच्या नियंत्रकाची चूक झाली तरी ते जागे असते. परंतु १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील उबरलिंगेनजवळ नियंत्रकाने एका विमानाला खाली जायला सांगितले आणि त्याच विमानातील उपकरणाने वर जायला. त्या वैमानिकांनी माणसाचे ऐकले, दुसऱ्या विमानाने यंत्राचे, आणि दोघेही खाली आले. ७१ जीव गेल्यावर अशा वेळी यंत्राचेच ऐकायचे, हा नियम निःसंदिग्ध करण्यात आला. पहिली फट बुजवणाऱ्या यंत्राने दुसरी फट उघडली होती, आणि ती बुजवण्यासाठी पुन्हा कागदावरचा नियमच लागला.

भारताने हा धडा आधी घरीच घेतलेला होता. १९८९ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात आलेले एअरबस ए-३२० हे संगणकाच्या मध्यस्थीने उडणारे विमान होते. वैमानिकाचा हात आणि पंखांवरचे पृष्ठभाग यांच्यामध्ये दोर-कप्प्यांऐवजी विद्युतसंदेश होते. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून गेलेले असे विमान बंगळूरला उतरताना धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि १४६ पैकी ९२ माणसांचा मृत्यू झाला. चौकशीत सर्वाधिक संभाव्य मानले गेलेले कारण असे होते की उतरण्याचा वेग ठरवणाऱ्या खुंटीऐवजी शेजारची, उंची ठरवणारी खुंटी फिरवली गेली. त्यामुळे संगणकाने इंजिने मंद ठेवून विमान खाली नेण्याची पद्धत स्वीकारली, आणि जमीन जवळ येईपर्यंत वैमानिकांना विमान कोणत्या पद्धतीत आहे याचे भान आले नाही. जुन्या विमानात हात चुकला तर विमान लगेच वेडेवाकडे वागून तक्रार करी. नव्या विमानाने चुकीची आज्ञा अगदी शिस्तीत पाळली.

चिकलठाण्यातील चुकीशी अधिक जवळचे नाते मेलबर्नच्या घटनेचे आहे. २० मार्च २००९ रोजी एमिरेट्सच्या एअरबस ए-३४० विमानाचे वेग काढताना वजन ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन असे यंत्रात भरले गेले. एका अंकाच्या फरकामुळे शंभर टन वजन कागदावरून नाहीसे झाले, यंत्राने दिलेल्या आकड्यांनुसार इंजिनांचा जोर कमी ठेवला गेला, नाक उचलले तरी विमान उठेना, शेपटी धावपट्टीवर घासत गेली आणि विमान धावपट्टी ओलांडून काही उपकरणांना धडकत कसेबसे वर गेले. सर्वजण सुखरूप परतले. तेथे धावपट्टीपलीकडे वाहता हमरस्ता नव्हता, एवढा एक फरक या दोन घटनांच्या परिणामांत मोजावा लागतो. चिकलठाण्यातील वैमानिकांजवळ तक्ते होते, मेलबर्नच्या वैमानिकांजवळ संगणक होता. उशिरा उचलले जाण्याची शक्यता दोन्हीकडे शिल्लक होती, आणि म्हणूनच धावपट्टीपुढची जमीन मोकळी ठेवणे हा कोणतेही यंत्र ज्याला पर्याय होऊ शकत नाही असा उपाय ठरतो.

यंत्र आणि देखरेख यांच्या गुंत्याचे सर्वांत ठळक रूप बोइंग ७३७ मॅक्सच्या प्रकरणात दिसले. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात १८९ आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियात १५७ माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही वेळा एका संवेदकाच्या चुकीच्या मापनावर विसंबून एका स्वयंचलित यंत्रणेने विमानाचे नाक पुन्हा पुन्हा खाली दाबले होते. अमेरिकी नियामक संस्थेने प्रमाणीकरणाचे बरेचसे काम उत्पादक कंपनीच्याच कर्मचाऱ्यांवर सोपवलेले असल्याचे त्यानंतरच्या चौकशांत पुढे आले. म्हणजे भारतात एकाच मंत्रालयाच्या छपरामुळे जे घडत होते ते तेथे खासगी कंपनीच्या छपराखाली घडले. चालवणारा आणि तपासणारा यांच्यातील अंतर पुसण्यासाठी सरकारी मालकीच लागते असे नाही.

शेरे, पदे आणि शिफारशी

भारतीय देखरेखीचा अलीकडचा इतिहास कागद आणि कौशल्य यांच्यातील अंतराचा आहे. २०११ च्या सुरुवातीला गोव्यात एक विमान मागील मुख्य चाकांऐवजी पुढच्या नाजूक चाकावर उतरवले गेले, आणि त्या घटनेच्या तपासातून वैमानिकाने परवान्यासाठी बनावट गुणपत्रिका सादर केल्याचे उघड झाले. पाठोपाठ अशी आणखी प्रकरणे बाहेर आली. शिक्के, सह्या आणि आवक क्रमांक सारे जागच्या जागी असताना खोटेपणा उघड केला तो एका चाकाने. ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकी नियामकाने भारताची सुरक्षा-श्रेणी खाली आणली, आणि तिचे एक मोठे कारण वैमानिकांची प्रत्यक्ष तपासणी करू शकणाऱ्या प्रशिक्षित निरीक्षकांचा तुटवडा हे होते. एप्रिल २०१५ मध्ये श्रेणी पूर्ववत झाली. २०२१ पासून परवाने व मंजुऱ्यांची कामे ‘ई-जीसीए’ या संगणकीय प्रणालीवर आली. त्यामुळे फाइल टेबलावर पडून राहण्याचा काळ घटला; परंतु २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने लक्ष वेधले ते महासंचालनालयातील १,०६३ मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी असण्याकडे. प्रणालीवर आलेली फाइल वेगाने पुढे जाते, पण ती उघडून विमानाखाली वाकून पाहणारा माणूस प्रणालीतून उत्पन्न होत नाही.

शिफारशींच्या बाबतीतही हेच. २२ मे २०१० रोजी मंगळूरला डोंगरमाथ्यावरील धावपट्टी ओलांडून विमान दरीत गेले आणि १५८ माणसांचा मृत्यू झाला. ७ ऑगस्ट २०२० च्या पावसाळी संध्याकाळी तशाच प्रकारच्या कोळीकोडच्या धावपट्टीवर २१ जीव गेले, ज्यांत मराठी वाचकांना परिचित झालेले, विमानाचे कॅप्टन दीपक साठे हेही होते. घसरत आलेले विमान रुतवून थांबवणारी ठिसूळ काँक्रीटची पट्टी टोकाला बसवण्याची चर्चा या दोन अपघातांमधल्या दहा वर्षांत होत राहिली, पण दुसऱ्या अपघाताच्या वेळी तेथे ती नव्हती. नियम झाला तरी तो टिकेल याची खात्री नसते. वैमानिकांच्या थकव्याला आळा घालणारे कामाच्या तासांचे कडक नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाले. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि नियामकाने त्यातील काही तरतुदी तात्पुरत्या सैल केल्या. प्रवाशांचे हाल खरे होते. पण ज्या कंपनीवर अर्ध्याहून अधिक देशांतर्गत प्रवासी अवलंबून आहेत तिला नियम लावताना नियामकाचा हात किती मोकळा राहतो, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

नारेगावच्या घारी

चिकलठाणा विमानतळ १९९३ चा राहिलेला नाही. धावपट्टी लांबवली गेली, नवी टर्मिनल इमारत उभी राहिली, आणि धावपट्टी आणखी वाढवण्यासाठी चिकलठाणा, मुकुंदवाडी व मुर्तिजापूर भागातील जमिनीच्या संपादनाचा विषय जिल्हा प्रशासनासमोर आला. सरकारी विमानतळांनीही महासंचालनालयाकडून रीतसर परवाना घ्यावा आणि आपली सुरक्षा-व्यवस्थापन पद्धत लेखी मांडावी, ही रीत या शतकात रुजली. तरीही कुंपणाबाहेरचा प्रश्न कुंपणाबाहेरच राहतो, याचे उदाहरण या शहराने २०१८ मध्ये वेगळ्या रूपात पाहिले.

विमान नियमावलीतील ९१ वा नियम विमानतळाच्या दहा किलोमीटर परिसरात उघड्यावर जनावरे कापण्यास आणि पक्ष्यांना आकर्षित करील असा कचरा टाकण्यास मनाई करतो, कारण उड्डाणाच्या क्षणी इंजिनात गेलेला पक्षी मोठ्या इंजिनालाही निकामी करू शकतो. शहराचा कचरा मात्र अनेक दशके नारेगावच्या डेपोत पडत होता, जो विमानतळापासून या अंतराच्या आतच आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेले, शहरात महिनोन्‌महिने कचरा साचला आणि शहरालगतच्या मिटमिट्याला हिंसक आंदोलन झाले. या साऱ्या गदारोळात डेपो हटला तो दुर्गंधी, दूषित पाणी आणि गावकऱ्यांच्या संयमाचा अंत यांमुळे. हवाई सुरक्षेचा नियम पुस्तकात होताच, पण डेपो हलवण्याची ताकद त्याच्यात दिसली नाही. कचरा महापालिकेचा, जमीन महसूल खात्याच्या नोंदीतली, बंदोबस्त पोलिसांचा, धावपट्टी प्राधिकरणाची आणि नियम महासंचालनालयाचा. ढिगावर घिरट्या घालणारी घार यांपैकी कोणाच्याच दप्तरात नव्हती. त्याच्या पंचवीस वर्षे आधीचा ट्रकही असाच कोणाच्या दप्तरात नव्हता.

यावरचा उपाय अवघड नाही, पण तो कोणत्याही एका खात्याच्या सोयीचा नाही. विमानतळाच्या परिसरासाठी जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त, पोलीस, बांधकाम खाते आणि विमानतळ संचालक यांची नियमित बैठक व्हावी अशी तरतूद व समित्या आजही आहेत. त्यांना लागते ती इतिवृत्तापलीकडे जाणारी, थांबवण्याची सत्ता, म्हणजे अडथळा दिसला की उड्डाणही थांबेल आणि अडथळा निर्माण करणाऱ्याचे कामही थांबेल असे परस्परबंधन. रेल्वेच्या साध्या फाटकात लोखंडी दांडा, कुलूप आणि सिग्नल यांनी ते साधले आहे, आणि तेथे गेटमनला बांधकाम खात्याच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. धावपट्टी वाढवण्यासाठी जमिनीची मोजणी होईल तेव्हा भूकरमापकाची साखळी नव्या कुंपणापाशी थांबेल. सुरक्षेची मोजणी त्या कुंपणापासून पुढे सुरू व्हायला हवी: तेथून कोणता रस्ता जातो, त्यावरून काय वाहून नेले जाते, आणि विमान धावपट्टीवर धावू लागल्यावर तो रस्ता थांबवण्याचा अधिकार कोणत्या टेबलावर आहे.